तळाची रेघ

जेलीसारख्या पारदर्शक जेलच्या पातळ कापावर आरएनएच्या ठळक रेघांखाली, अगदी तळाशी, मेश्रामांना पुन्हा ती फिकट रेघ दिसली. कपाशीच्या ज्या रोपांत ती नसे, त्यांचीच गुणसूत्रं तुटत. एवढासा आरएनए गुणसूत्रं सांभाळत असेल, हे ते नागपुरात कोणाशी बोलणार? प्रयोगशाळेतल्या माठाशी गेले, तरी कोणीतरी लगबगीनं म्हणे, "थांबा मेश्राम, मी ओतून देतो."

प्रयोगशाळेचे प्रमुख मुंडले सर; त्यांनी काप उजेडाकडे धरला. "काहून या रेघेच्या मागे लागून राहिले तुम्ही? तुकडे आहेत हे. आरएनए नाजूक, बोट लागलं की तुटतो. तुमचा हात लागला असेल."

"मग सर, एकदा तुम्हीच करून पाहा. मी कशालाही हात लावत नाही."

रोपं निवडण्यापासून सगळं सरांनी स्वतः केलं. मेश्राम दाराशी हात मागे बांधून उभे राहिले. संध्याकाळी जेल रंगलं. रेघ होती, तिथंच, तेवढीच.

मेश्रामांना भरून आलं. ती पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या हातून उमटली होती.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मेश्राम," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "उद्या तुम्ही सुटी घ्या. तुम्ही खोलीत नसताना करून पाहतो."