पारध्यांनी पाळलेली शपथ

दाविद मकासरे गेले आणि त्यांच्या दफनाला पाळक मिळेना. शहरातले दोन्ही पाळक वार्षिक परिषदेला परगावी गेले होते. उरले एकटे निवृत्त रेव्हरंड इम्मानुएल पारधे. आणि मकासऱ्यांचं नाव निघालं की पारधे उठून चालू लागतात, हे नाशकाच्या शरणपुरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

मकासऱ्यांचा मुलगा रोहित तरीही त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. कडाक्याच्या थंडीत वडील खुर्चीतच गार पडलेले सापडले, गल्लीतल्या डॉक्टरनं उभ्या उभ्या पाहून कागद दिला, असं त्यानं सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

"येतो," पारधे म्हणाले. "झगा इस्त्रीचाच आहे."

रोहितच्या डोळ्यांत पाणी आलं. पारध्यांच्या आलं नाही.

पारध्यांनी उभं आयुष्य दोन गोष्टींत घातलं होतं, मेथडिस्ट मंडळीची सेवा आणि पारशी धर्माचा अभ्यास. देवळालीतल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडे ते अवेस्ता हा पारशांचा धर्मग्रंथ शिकले. अग्यारीत, पारशांच्या अग्निमंदिरात, परधर्मीयाला प्रवेश नाही, म्हणून फाटकाबाहेर उभं राहायचं, चंदनाच्या धुराचा वास घ्यायचा आणि घरी येऊन लिहीत बसायचं. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

पारशांची एक जुनी चाल त्यांना फार आवडायची. मृतदेहापाशी कुत्रा आणतात. त्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके असावे लागतात, म्हणून तो चार डोळ्यांचा. माणूस खरंच गेला असेल तर कुत्रा टक लावून पाहत राहतो, धुगधुगी असेल तर पाहत नाही, असं जुने लोक सांगत. पारध्यांना असंच एक काळं पिल्लू रस्त्यावर सापडलं. नाव ठेवलं चारडोळ्या.

त्याच चारडोळ्यामुळे पुढचं सगळं घडलं. सायखेड्याच्या वत्सलाबाई गेल्या म्हणून शवपेटीसुद्धा आली होती. पारध्यांबरोबर आलेल्या कुत्र्यानं म्हातारीला हुंगलं, तिचा हात चाटला आणि शेपटी हलवायला लागला. पारध्यांनी हट्टानं पेटी थांबवली. दुपारी वत्सलाबाईंनी चहा मागितला. देव तारी त्याला कोण मारी, म्हणत सगळी मंडळी हरखली.

मकासरे तेवढे हरखले नाहीत. ते चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, पारध्यांना पहिल्यापासून पाण्यात पाहणारे. पाळकाचं नाव झालेलं त्यांना झोंबलं. बिशपांपुढे ते म्हणाले, "हा माणूस पवित्र शास्त्रावर नाही, कुत्र्यावर विश्वास ठेवतो." मग कमिटीकडून त्यांनी ठराव करून घेतला. डॉक्टरचा कागद हाती आला की दफन त्याच दिवशी व्हायचं, आणि पाळकानं मध्ये कुत्र्याचं किंवा पारशी मताचं अवाक्षर काढायचं नाही. पारध्यांना भर मंडळीसमोर, पवित्र शास्त्रावर हात ठेवून तशी शपथ घ्यायला लावली. वर हरसूलकडच्या डोंगरात बदली.

तिथे पारध्यांच्या पत्नीला, रूथबाईंना, छातीत कळ आली. गाडी मिळायला उशीर झाला आणि नाशिक यायच्या आत, वाटेतच त्या गेल्या. चारडोळ्या त्यांच्याकडे टक लावून बसला, जागचा हलेना. पारध्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या दिवसापासून पारध्यांनी मकासऱ्यांचा द्वेष केला. प्रार्थनेइतक्या नेमानं केला. रविवारी क्षमेवर प्रवचन द्यायचं आणि घरी येऊन पुन्हा द्वेष करायचा. निवृत्त होऊन नाशकात परतले तरी त्यात खंड पडला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

मकासऱ्यांच्या घरी पोचल्यावर पारध्यांनी मृतापाशी एकट्यानं प्रार्थना करायची इच्छा सांगितली. सगळे बाहेर अंगणात गेले. म्हातारा झालेला चारडोळ्या पायात घोटाळत मागोमाग आत शिरला. त्याला कुणी हटकलं नाही. हटकणारे आता आत पडून होते. सून स्नेहल तेवढी फुलं घेऊन दारापाशी उभी राहिली. ती घोटीची, लग्न होऊन नुकतीच आलेली.

पारधे बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. रोहितनं विचारलं, संगमनेरची आत्या निघाली आहे, उद्या सकाळपर्यंत थांबावं का?

"ठराव आहे, बाळ," पारधे मायेनं म्हणाले. "तुझ्या वडिलांनीच केलेला. आजच उरकू. पेटी बंद करा."

कबरस्तानात सगळ्यांचे कान टवकारलेले. म्हातारा आता जुनं उकरून काढणार, अशी निम्म्या लोकांची खात्रीच होती. पण पारधे क्षमेवर बोलले, आणि असे बोलले की मकासऱ्यांचे जुने मित्रही रुमाल शोधू लागले. शेवटी ते म्हणाले, "दाविदरावांनी मला एक शपथ घातली होती. आजवर मी ती मोडली नाही. आजही मोडणार नाही."

मातीला माती, राखेला राख म्हणत पहिली मूठ त्यांनीच टाकली. लोक पांगले तरी ते हलले नाहीत. खड्डा पुरता बुजला, वर क्रूस रोवला गेला, तेव्हाच त्यांनी पुस्तक मिटलं.

फाटकाशी स्नेहल थांबली होती. तिनं पर्समधून बिस्कीट काढून चारडोळ्याला भरवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मुक्या जनावराला किती माया असते ना," ती म्हणाली. "मी दारातून बघत होते. बाबांचा हात चाटत होता, शेपटी तर थांबतच नव्हती."

"हो," पारधे म्हणाले. "मीही पाहिलं."