जवळचं आभाळ

"हे काय वाढून ठेवलंस माझ्या पुढ्यात?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

शिष्येने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला होता. पडद्यावर एका दूरच्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र. तिथल्या कृष्णविवराभोवती धुळीचं कडं असतं, हा सरांचा सिद्धांत. त्या एका कड्यावर सरांची खुर्ची, दोन पुरस्कार आणि ग्रंथालयातली तसबीर टांगलेली. तिच्या चित्रात मात्र कडं नावापुरतं उरलं होतं. धूळ वर आणि खाली पसरलेली, धुराड्यातून निघावी तशी.

"वजाबाकी केलीस?"

"केली, सर. फक्त आभाळ लांबचं घेतलं."

अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, प्रकाशात सगळंच चमकतं. उबदार धूळ, आभाळ, खुद्द दुर्बीणसुद्धा. म्हणून दुर्बीण जराशी सरकवून बाजूचं कोरं आभाळ टिपायचं आणि ते मूळ चित्रातून वजा करायचं. सर कायम जवळचं आभाळ घेत, कधी वरचं, कधी खालचं. नेमकी तिथेच ही धूळ होती. धुळीतून धूळ वजा, शिल्लक कडं. हिशेब चोख, फक्त घरचीच जमा खर्ची टाकलेली.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. टेबलावर तिच्या कायम नेमणुकीची शिफारस पडली होती, सहीवाचून. मुदत आज संपत होती.

"अगं, एकदा जवळचं आभाळ घेऊन बघ ना. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी."

हंगामी नोकरीत तिचे केस पिकायला लागले होते. तिने सहीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि लॅपटॉपची बटणं दाबली. धूळ विरली. कडं उरलं, कंपासने काढल्यासारखं गोल.

"आता कसं! हेच छापायला पाठव." सरांनी झोकात सही ठोकली. "शहाणी आहेस."

"सर, तुम्ही लांबचं आभाळ कधी घेऊनच पाहिलं नाही?"

"पाहिलं की! तुझ्याच वयाचा होतो. हुबेहूब हेच दिसलं होतं." सर सहीवर फुंकर घालत म्हणाले, "आमच्या सरांनी जवळचं घ्यायला लावलं."

"पण ते तर कधीच गेले. मग त्यानंतर?"

"त्यानंतर," सरांनी पेनाला टोपण लावलं, "मी सर झालो होतो."