राणीच्या झग्याच्या बाह्या
एकोणीसशे एकाहत्तर साल. नाटकाचा पडदा संध्याकाळी उघडणार होता, राणीच्या झग्याला बाह्याच नव्हत्या, कापड जेमतेम उरलेलं आणि कटिंगमास्तर मिठाची गुळणी धरून बसलेले. “अहो मास्तर, कधी कापणार? भिंतीला विचारलं असतं तर तीही बोलली असती!” शिवणारी बाई कडाडली. “चालले, कायमची!” पिशवी उचलून ती दारात पोचली. वळून पाहते तर मास्तरांचं बोट कापडावर बाह्या बेतत निघालेलं. “ऐकताय ना?” तिने विचारताच बोट पुन्हा पहिल्या टोकाला! म्हणजे आपल्या तोंडामुळेच त्यांचा हिशोब मोडतोय, तिला उमगलं. ती मुकाट्याने परतून बटणं लावत बसली. कात्री चालली. “आता बोला,” मास्तर हसले. पडदा वेळेवर उघडला. राणी झालेली नटी पुढे शाळेत शिकवू लागली. शिवणारीने मास्तरांना एकदाच लग्नाचं विचारलं आणि तोंड मिटून वाट पाहिली. होकार यायला अख्खा उन्हाळा सरला.