लोंबणारे बटण

सुज्ञ वाचकहो, एका शिंप्याने हार कशी मानली नाही, त्याचा वृत्तांत सादर करतो.

नव्या मॉलने गिऱ्हाईक गिळले आणि बाजारातील दुकानांना कुलपे लागली. उरले एकट्या शिंपीमास्तरांचे. बंद ठरलेले दुकान पाडायचे, असा हुकूम घेऊन पालिकेचे साहेब आले.

"मास्तर, इथं चिटपाखरू फिरकत नाही. 'दुकान बंद' लिहितो."

"लिहा की. आधी हात इकडे करा."

साहेबांच्या बाहीचे बटण लोंबत होते. मास्तरांना ते पाहवेना. त्यांनी तिथल्या तिथे ते घट्ट शिवून दिले.

साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. "किती झाले?"

"पैसे राहू द्या," मास्तर मिशीत हसले. "फक्त लिहा, आत्ताच एक गिऱ्हाईक येऊन गेलं."

वाचकांचा ऋणी,
समोरच्या बंद दुकानाचा छत्रीवाला