जुना पासवर्ड

“पासवर्ड बदलायचा नाही,” चष्मेवाल्याची बायको म्हणाली. “नावही नाही. बाकी काय हवं ते करा.”

नेटवाला नवा राउटर हातात घेऊन स्टुलावर उभा होता. भिंतीवर, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी, जाड पेनाने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. वर नेटचं नाव, ‘आंधळी कोशिंबीर’, आणि खाली पासवर्ड. कागद पिवळा पडला होता, पण कडा नीट कापलेल्या होत्या.

“काकू, हा पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ आहे. वरचा शिंपी दिवसभर तुमच्या नेटवर मॅच बघतो.”

“तरीच माझा ब्लाऊज त्याच्याकडे महिनाभर रखडलाय.”

“हसताय काय? तुमचं कार्डाचं मशीनही ह्याच लाइनवर आहे. उद्या बाकावर बसून कोणी त्यात शिरलं म्हणजे? बँकेने काकांना शेवटचं बजावलंय. गिऱ्हाईकांचं नेट वेगळं, दुकानाचं वेगळं. नाहीतर मशीन काढून नेणार.”

“मग वेगळं करा की. नको कोण म्हणतंय?”

चष्मेवाला आतल्या बाजूला काच घासत बसला होता. त्याने मान वर केली नाही. बाकावर एक बाई डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसली होती. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात तिने डोकं भिंतीला टेकवलं.

“मला एवढंच सांगा,” चष्मेवाल्याची बायको म्हणाली, “एकदा जोडलेला फोन पुन्हा इथून गेला, तर आपणहून जोडला जातो ना?”

“जातो. नाव आणि पासवर्ड तेच असेल तर.”

“झालं तर मग.” तिने काउंटरवरची चष्म्याची घरं उगाच सारखी केली. “हे नाव आमच्या मुलाने ठेवलंय. चष्म्याच्या दुकानाला आंधळी कोशिंबीर. हे आठवडाभर बोलत नव्हते त्याच्याशी. पुढे वाद वाढत गेले आणि तो घर सोडून गेला. त्यालाही वर्षं झाली. नंबर बंद लागतो. बदलला असेल. पण फोन काही तो बदलायचा नाही. हट्ट करून घेतलेला, जेवतानासुद्धा हातात असायचा.”

नेटवाला स्टुलावरून खाली उतरला.

“रागावून गेलेला माणूस एकदम आत येत नाही हो. आधी समोरून जातो, लांबूनच बघतो. मी काय दिवसभर दारात उभी राहणार? पण नेटवर कोण आलं ते माझ्या ह्या फोनमध्ये दिसतं. त्यानेच शिकवलंय मला.”

घासायचं मशीन थांबलं.

“भाऊ, जरा मागे या,” चष्मेवाला म्हणाला. “वायर कुठून घ्यायची ते दाखवतो.”

मागच्या खोलीत वायरचा पत्ता नव्हता. चष्मेवाल्याने दार लोटलं आणि टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. काचांच्या पाकिटांखाली एक फोन होता. एका कोपऱ्याला तडा गेलेला.

“हा त्याचा,” तो हळू आवाजात म्हणाला. “जाताना माझ्यापुढे आपटून गेला. म्हणाला, हाही ठेवा, तुमच्याच पैशाचा आहे.”

नेटवाल्याने बंद दाराकडे पाहिलं. “काकूंना?”

“ती तेव्हा बाहेर गेली होती. आली, आणि चप्पल काढायच्या आधी ह्याच नंबरवर फोन लावायला लागली. खणात वाजायला लागला तसा मी येऊन बंद केला. म्हटलं, जरा शांत झाली की सांगू. तर संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांना सांगून मोकळी. फोन आहे त्याच्याकडे, करेल तो.” त्याने खण लोटला. तो नीट बसला नाही, पुन्हा लोटला. “सकाळी गुडघे धरून उठते, पण दुकानात येते. कशासाठी येते ते तुम्ही ऐकलंत.”

नेटवाला राउटर ह्या हातातून त्या हातात घेत राहिला.

“जुनं नाव गिऱ्हाईकांच्या नेटला देता येईल,” शेवटी तो म्हणाला. “पासवर्डही तोच. दुकानाचं सगळं दुसऱ्या लाइनवर, त्यांना दिसणारसुद्धा नाही. बँकेला चालेल. पण काका, त्यावर कधी कोणी—”

“तसंच करा.”

काम तासाभरात झालं. चष्मेवाल्याच्या बायकोने स्वतःच्या फोनमध्ये नाव उघडून पाहिलं, मग समाधानाने विचारलं, “रेंज कुठवर जाईल?”

“गिऱ्हाईकांना बाकापर्यंत पुरे की.”

“गिऱ्हाईकांचं राहू द्या. समोरच्या फूटपाथपर्यंत जाईल?”

नेटवाल्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने स्टूल उचललं आणि रस्त्याकडच्या काचेपाशी, फ्रेमांच्या मांडणीजवळ नेऊन ठेवलं. नेटवाला वर चढला. चष्मेवाला खाली उभा राहून त्याला एकेक स्क्रू देत गेला.

राउटर काचेच्या वर बसला, तशी ती फोन समोर धरून बाहेर पडली. डोळे फोनवरच्या रेंजच्या रेघांवर ठेवून उलट्या पावलांनी चालत फूटपाथवरून खाली उतरली. एका सायकलवाल्याने घंटी वाजवून तिला वळसा घातला. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, तिथून कोपऱ्याकडे सरकली.

चष्मेवाला दारात आला. “पुरे झालं. ये आत.”

तिने मान वर न करता हात उंचावला.

“थांबा हो,” ती तिकडून म्हणाली, “अजून एक रेघ आहे.”