सरावापुरता साहेब

"तू साहेब. खुर्चीवर बस," गोरक्ष म्हणाला आणि स्वतः पुस्तक घेऊन सतरंजीवर बसला.

सविता पदराला हात पुसत खुर्चीच्या कडेला टेकली. गोरक्षच्या अंबडच्या कारखान्यात आता परदेशी साहेब येणार होते. सुपरवायझर व्हायचं तर त्यांच्याशी अदबीनं इंग्रजीत बोलता यायला हवं, म्हणून त्यानं क्लास लावला होता. क्लासचे सर म्हणाले होते, घरी सराव करा. घरी बारावी झालेली बायको होती.

"कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?"

सविता उठलीच. लग्न झाल्यापासून त्यानं पाणी असं कधी मागितलं नव्हतं. "पाणी!" एवढाच आवाज बाहेरून यायचा. त्याच्या तोंडून विनंती निघायला परदेशी कंपनीला नाशकात यावं लागलं.

"अगं, साहेब कधी पाणी आणायला उठतो का? 'शुअर' म्हण आणि बस."

"शुअर," ती म्हणाली आणि बसली. पण तिचं चित्त माहेरी, येवल्यात होतं.

दुपारी शेजारच्या मंगलाबाईंच्या फोनवर तिच्या भावाचा, सोमनाथचा, निरोप आला होता. आईनं अन्न सोडलंय, सारखं तुझंच नाव घेते, लवकर ये. गोरक्ष कामावरून आल्याआल्या तिनं ते सांगितलं. त्यानं शर्ट खुंटीला लावला आणि एवढंच विचारलं, "न्यायला कोण येतंय?"

सोमनाथच्या लग्नात माइकवरून मानाच्या पाहुण्यांची नावं पुकारली होती. सरपंचांना टोपी-टॉवेल झाला, सोसायटीच्या चेअरमनला झाला, आणि घरच्या एकुलत्या एका जावयाचं नाव विसरले. गोरक्ष न जेवता उठला. तेव्हापासून येवला बंद. सोमनाथ येऊन पाया पडून माफी मागून गेला, पण ती गोरक्षच्या खात्यावर जमा झाली नाही. सासूबाईंनी स्वतः यावं, मान द्यावा आणि मग लेकीला न्यावं, हा त्याचा हट्ट. आणि सासूबाई आता अंथरुणातून उठत नव्हत्या.

"आता मी साहेब. तू माग." त्यानं खुर्ची घेतली, पाय लांब केले. "पुस्तकात बघू नको. मनानं बोल."

सविता सतरंजीवर बसली. कडेचा एक सुटा दोरा तिनं बोटाला गुंडाळला, सोडला. मग मान वर केली.

"सर, मे आय गो टु येवला टुमारो? माय मदर इज व्हेरी सिक."

"वा! सर लावलंस. पण प्लीज कुठंय?"

"प्लीज," ती म्हणाली. "प्लीज, सर."

"आवाज अस्साच पाहिजे बघ! मला नाही जमत एवढा." गोरक्ष खूश झाला. साहेबासारखा मागे रेलला. "येस, ऑफ कोर्स. यू मे गो."

क्षणभर सविता एसटीत जाऊन बसलीसुद्धा.

"मग सकाळची पहिली गाडी धरू?" तिनं मराठीत विचारलं.

गोरक्षनं पाय आखडते घेतले. "सरावात घरचं आणू नको. सासूबाईंना येऊ दे, मग जा. मी कधी नाही म्हटलंय?"

"तिला कुशीवर वळवत नाही हो."

"माइक हातात होता तेव्हा कोणाची वाचा गेली होती?" त्यानं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं. "चल, पुढचं. ते खिडकीचं."

तिनं सतरंजीचा तो सुटा दोरा तोडून टाकला. मग म्हणाली, "मे आय ओपन द विंडो, प्लीज?"

"येस, यू मे."

ती हलली नाही.

"अगं, उघड ना खरंच. उकडतंय किती!"

सविता उठली. तिनं कडी काढली, दोन्ही झडपा बाहेर लोटल्या आणि गज धरून पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"थँक्यू कोण म्हणणार?" मागून साहेबानं विचारलं.