काकूंची गाडी का थांबली

साठाव्या वर्षी काकूंना गाडी चालवायचा परवाना मिळाला. "एकदा जरी बंद पाडलीस, तर किल्ली माझ्याकडे," असं मुलाने बजावलं होतं, आणि आज गाडी भर चौकात आचके देऊन बंद पडली. मुलगा यायच्या आत मेकॅनिक पोचला. किल्ली अर्धी फिरवून त्याने मागच्या सीटला कान लावला. सीटखालच्या टाकीतला, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप घुमत होता. मग इंजिनाकडे जाणारा पाइप सोडला, तर त्यातून थेंबही येईना.

"काकू, टाकी कोरडी ठणठणीत आहे."

"काटा तर अर्ध्यावर आहे."

"काटा अडकलाय. पेट्रोल कधी भरलं होतंत?"

"परवाना मिळाला त्या दिवशी. पंधरा दिवस झाले. तेव्हापासून अख्ख्या गल्लीला फिरवून आणलं. कुणाला दवाखान्यात, कुणाला नुसतंच."

मेकॅनिकला हसू आवरेना. "बिघाड काट्यात आहे, तुमच्या चालवण्यात नाही, असं मी सांगतो मुलाला. पण इतकं फिरूनही काटा हलत नाही, हे कुणाला तरी बोलायचं होतंत."

काकू हळूच म्हणाल्या, "देवाची कृपा बोलून दाखवली की आटते रे, बाबा."